एका रात्रीचे पंचवीस हजार: मोठ्या शहरातलं आलिशान हॉटेल निवडताना नेमकं काय पाहायचं?

लग्नाचा वाढदिवस, निवृत्ती किंवा मुलाची पहिली नोकरी अशा निमित्तानं अनेक कुटुंबं आयुष्यात एकदा मुंबई-हैदराबादच्या पंचतारांकित हॉटेलात राहायचं ठरवतात. पण मोबाइलवर दिसलेला दर आणि हातात पडलेलं बिल यांचा मेळ बसत नाही. तारे कोण देतं, कर किती लागतो, खोली किती वाजता मिळते, फसवणूक झाली तर तक्रार कुठे करायची? समजून घेऊ.

सुरुवात घरापासून करते. आमचं गाव हट्टा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. आई-आप्पांच्या लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा त्यांना मुंबईत समुद्रासमोरच्या हॉटेलात एक रात्र ठेवायचं मी ठरवलं. आप्पांना दर सांगितला, तर त्यांनी लगेच हिशेब केला, "म्हंजे दोन क्विंटल हळद गेली की एका रात्रीत. कशाला एवढं करायलीस?" आईला एकच विचारायचं होतं: पहाटे पाचला चहा मिळेल का?

मी इंजिनिअरिंग केलेलं. तीन ॲपवर दर तपासले, एक्सेल शीट केली, सूट देणारं कार्ड शोधलं आणि बुकिंग करून टाकलं. आईचा प्रश्न मात्र हॉटेलला विचारला नाही. त्या मुक्कामात जे जे चुकलं, ते सगळं मी न विचारलेल्या प्रश्नांमुळे चुकलं. हॉटेलचं नाव इथे महत्त्वाचं नाही, कारण तेच कुठल्याही मोठ्या हॉटेलात घडू शकतं.

हॉटेलचा दिवस दुपारी सुरू होतो

परभणीहून रात्रीची रेल्वे पकडली की माणूस सकाळी मुंबईत उतरतो. हॉटेलात खोलीचा ताबा मात्र साधारण दुपारी 2 किंवा 3 वाजता मिळतो आणि दुसऱ्या दिवशी 11 किंवा 12 ला ती सोडावी लागते. म्हणजे 'एक दिवस' असं आपण ज्याला म्हणतो, तो जेमतेम वीस-बावीस तासांचा असतो.

आई-आप्पा सकाळी साडेसातला पोहोचले आणि दुपारपर्यंत लॉबीत बसून राहिले. सोफा मऊ होता, माणसं नम्र होती, पाणी विचारत होती. पण रात्रभर रेल्वेत बसून आलेल्या माणसाला आधी आंघोळ हवी असते. आप्पा मला फोनवर एवढंच म्हणाले, "इथं बसलोय. लोक येऊन जाऊन बघायलेत." मला दिवसभर काम सुचलं नाही.

यावर उपाय आहेत. हॉटेलला आधी फोन करून लवकर खोली मागता येते. रिकामी असेल तर काही ठिकाणी फुकट देतात, काही ठिकाणी अर्ध्या दिवसाचं भाडं घेतात. हमी हवी असेल तर आदल्या रात्रीपासून बुकिंग करावं लागतं आणि खर्च दुप्पट होतो. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रेल्वेच बदलणं. ऑगस्ट 2025 पासून जालना-मुंबई वंदे भारत नांदेडपर्यंत वाढवली आहे. ती नांदेडहून पहाटे निघते, परभणीला थांबते आणि दुपारी मुंबईत पोहोचते. म्हणजे बरोबर खोली मिळायच्या वेळेला. हे मला नंतर कळलं.

तारे देतं कोण?

बुकिंग ॲपवर हॉटेलच्या नावापुढे पाच तारे दिसले म्हणजे ते सरकारनं दिलेले असतात, असा अनेकांचा समज आहे. तसं नाही. भारतात हॉटेलांचं अधिकृत वर्गीकरण केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती करते. एक तारा ते पाच तारे, त्यावर पंचतारांकित डिलक्स आणि जुन्या वाड्या-राजवाड्यांसाठी वेगळी हेरिटेज श्रेणी अशी ही रचना आहे. समिती प्रत्यक्ष तपासणी करते. मिळालेली श्रेणी पाच वर्षांसाठी असते, नंतर पुन्हा अर्ज करावा लागतो. चार आणि पाच तारे मद्यासह आणि मद्याविना असे वेगवेगळेही मिळतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना ज्या हॉटेलात बारच नाही असं हॉटेल हवं असेल, तर ही माहिती उपयोगाची आहे.

मुद्दा असा की हे वर्गीकरण ऐच्छिक आहे. एखादं उत्तम हॉटेल अर्जच करत नाही, तर दुसऱ्याची मुदत संपलेली असते. ॲपवरचे तारे अनेकदा त्या ॲपनं स्वतःच्या निकषांवर किंवा हॉटेलनं दिलेल्या माहितीवर लावलेले असतात. पर्यटन मंत्रालयाच्या 'निधी' पोर्टलवर हॉटेलांची नोंदणी असते, शंका आली तर तिथे पाहता येतं. पण गावाकडचा माणूस मोबाइलवर हे शोधून काढेल, अशी ती सोय नाही. मंत्रालयानं ही यादी मराठीत, शहरानुसार, मुदतीच्या तारखेसह दाखवायला हरकत नव्हती. ते होईपर्यंत हॉटेलला थेट विचारा: तुमची श्रेणी कोणी दिली आणि ती कधीपर्यंत आहे?

पाहुण्यांनी दिलेले गुण हा त्याहून वेगळा प्रकार. '10 पैकी 8.6' या आकड्यापेक्षा अलीकडच्या दोन-तीन महिन्यांतले अभिप्राय वाचा आणि पाहुण्यांनी स्वतः काढलेले फोटो बघा. वरच्या मजल्यावर दुरुस्ती चालू आहे, लिफ्ट बंद असते, शेजारी लग्नाचा हॉल असून रात्री एकपर्यंत डीजे वाजतो, असल्या गोष्टी तिथेच सापडतात.

7,500 रुपयांची रेषा

आता पैशांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे.

22 सप्टेंबर 2025 पासून हॉटेलच्या खोलीवरचा जीएसटी असा आहे: एका खोलीचं एका दिवसाचं भाडं 7,500 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के, त्याच्या वर असेल तर 18 टक्के. त्याआधी खालच्या टप्प्यावर 12 टक्के लागायचे.

ही रेषा किती धारदार आहे ते बघा. खोलीचं भाडं बरोबर 7,500 असेल तर कर 375 आणि एकूण 7,875 रुपये. भाडं फक्त शंभर रुपयांनी वाढून 7,600 झालं, तर कर थेट 1,368 आणि एकूण 8,968. म्हणजे शंभर रुपये महाग खोली तुम्हाला प्रत्यक्षात 1,093 रुपयांनी महाग पडते. हा कर कार्डावर छापलेल्या दरावर नाही, तर प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावर लागतो. त्यामुळे आठ हजारांच्या आसपासची खोली बघत असाल, तर हॉटेलला थेट फोन करून भाडं साडेसात हजारांत बसवता येतं का, हे विचारायला अजिबात लाजू नका. आप्पा आडतीवर एका रुपयासाठी घासाघीस करतात, इथे तर हजाराचा प्रश्न आहे.

आलिशान हॉटेलांचे दर अर्थातच या रेषेच्या खूप वर असतात. समजा, खोली 22,000 रुपयांची आहे. त्यावर 18 टक्के म्हणजे 3,960 रुपये कर आणि एकूण 25,960. अनेक ॲपवर पहिल्या पानावर ठळक 22,000 दिसतात आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'अधिक कर व शुल्क' असं लिहिलेलं असतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये किमतीचे घटक आधी न सांगता टप्प्याटप्प्यानं पुढे आणण्याला ग्राहकाची दिशाभूल मानलं आहे. बारीक अक्षरांची पळवाट तरीही कायम आहे. आमच्या मते कर धरून येणारी एकूण रक्कम पहिल्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत दिसायला हवी. विमान तिकिटाची एकूण किंमत दाखवता येते, तर खोलीची का नाही?

जेवणाचं गणित आणखी वेगळं. बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटमध्ये बिलावर 5 टक्के जीएसटी लागतो. ज्या हॉटेलात आधीच्या आर्थिक वर्षात एखादीही खोली दिवसाला 7,500 रुपयांपेक्षा जास्त भाड्यानं गेली असेल, त्याच्या रेस्टॉरंटमध्ये मात्र 18 टक्के लागतो. 1 एप्रिल 2025 पासून हा नियम आहे. दोघांचं रात्रीचं जेवण 6,000 रुपयांचं झालं, तर करासह 7,080. त्यावर कोणी 10 टक्के सेवा शुल्क लावलं, तर आधी 600 रुपये वाढतात, मग त्या वाढीव रकमेवरही कर लागतो आणि बिल 7,788 वर जातं.

हे सेवा शुल्क देणं बंधनकारक नाही. जुलै 2022 मध्ये प्राधिकरणानं तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. हॉटेल संघटना त्याविरुद्ध अपिलात गेल्या आहेत. तोवर 'हे काढून द्या' असं शांतपणे सांगायचा हक्क तुम्हाला आहे. सेवा आवडली असेल तर त्या वाढप्याच्या हातात टीप द्या.

पाण्याच्या बाटलीवरून मात्र वाद घालू नका. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की हॉटेल-रेस्टॉरंट बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दरानं देऊ शकतात, कारण तिथे बाटलीसोबत बसायची जागा आणि सेवाही विकली जाते. खोलीत 'मोफत' असं लिहिलेल्या बाटल्या असतात, त्या प्या. छोट्या फ्रिजमधलं आणि त्यावरच्या टोपलीतलं काही उघडायच्या आधी दरपत्रक बघा. आप्पांनी मूठभर काजूंचं पाकीट फोडलं होतं. त्याचा आकडा मी त्यांना आजवर सांगितलेला नाही.

खोली म्हणजे नेमकी कोणती खोली?

एकाच हॉटेलात वीस प्रकारच्या खोल्या असू शकतात. मुंबईतल्या ताजमहाल हॉटेलचंच उदाहरण घ्या. 16 डिसेंबर 1903 रोजी हे हॉटेल सुरू झालं, म्हणजे समोरच्या गेटवे ऑफ इंडियापेक्षा ते जुनं आहे. गेटवेचं उद्घाटन 1924 मध्ये झालं. जमशेटजी टाटांच्या या इमारतीचा आराखडा केला रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी, आणि काम पूर्णत्वाला नेलं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. 'इमारत चुकून उलटी बांधली म्हणून वास्तुविशारदानं जीव दिला' ही व्हॉट्सॲपवर फिरणारी गोष्ट निव्वळ दंतकथा आहे. एका मराठी अभियंत्याचं नाव त्या घुमटामागे आहे, हे त्या गोष्टीपेक्षा जास्त सांगण्यासारखं.

तर, या हॉटेलचे दोन भाग आहेत. जुना पॅलेस आणि शेजारी 1973 मध्ये उघडलेला उंच टॉवर. लोकांच्या डोळ्यांसमोर असतो तो जुना जिना, कमानी आणि घुमट. टॉवरमधली खोली साधारण स्वस्त पडते, पण ती आधुनिक इमारतीतली खोली असते. त्यातही समुद्राकडची आणि शहराकडची असा फरक. कोणी 'ताजला राहायचं' म्हणून शहराकडची टॉवरची खोली घेतली, तर ती फसवणूक ठरत नाही. पण मनात जे चित्र होतं ते दिसत नाही. ॲपवर खोलीच्या नावातला प्रत्येक शब्द वाचा. 'अंशतः समुद्रदर्शन' याचा अर्थ बऱ्याचदा खिडकीच्या कोपऱ्यात मान वाकडी करून दिसणारं निळं पाणी.

पलंग किती, हेही विचारा. एक मोठा की दोन वेगळे. लिफ्टपासून खोली किती लांब आहे, न्हाणीघरात बाथटब आहे की नुसता शॉवर, हे वयस्कर माणसांसाठी फार महत्त्वाचं आहे. गुडघे दुखणाऱ्या आईला टबाच्या उंच कडेवरून पाय टाकता येईना. आणि एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही: अनेक नव्या आलिशान हॉटेलांत खोली आणि न्हाणीघर यांच्यामध्ये काचेची भिंत असते. पडदा पाडायचं बटण असतं, पण ते कुठे आहे हे शोधण्यात आमच्याकडे अर्धा तास गेला. तोवर आप्पा बाल्कनीत जाऊन उभे राहिले होते.

मुंबईच का?

हट्ट्याच्या माणसानं हा प्रश्न नक्की विचारावा. नांदेडहून हैदराबाद मुंबईच्या निम्म्या अंतरावर आहे. आमचा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्याच हैदराबादेत फलकनुमा राजवाडा आज हॉटेल म्हणून चालतो. पायगा घराण्यातल्या विकार-उल-उमरा यांनी तो बांधला. नंतर तो सहाव्या निजामाकडे, महबूब अली खान यांच्याकडे गेला. अनेक वर्षं ओस पडून होता. 2010 मध्ये ताज समूहानं तो हॉटेल म्हणून उघडला. खोल्या फक्त साठ आहेत, आणि एका वेळी 101 माणसं बसतील असं जेवणाचं टेबल आहे. ज्या राजवटीत आपल्या पणजोबांनी सारा भरला, तिच्या महालात पैसे मोजून झोपायचं, यात काहीतरी गंमत आहे. दर अर्थात राजवाड्याचेच.

आणखी जवळचा पर्याय छत्रपती संभाजीनगर. तिथली मोठी हॉटेलं मुंबईच्या मानानं बरीच स्वस्त पडतात, वेरूळ-अजिंठाही होतं.

मुंबईतही हॉटेल कुठल्या भागात आहे यावर दराचा दिवस ठरतो. विमानतळ आणि वांद्रे-कुर्ला संकुलाच्या आसपासची हॉटेलं कामासाठी येणाऱ्यांवर चालतात, त्यामुळे शनिवार-रविवारी तिथले दर बरेचदा उतरतात. समुद्रकिनाऱ्याच्या हॉटेलांचं उलटं. डिसेंबरचे शेवटचे दिवस आणि लग्नसराई सगळीकडेच महाग, पावसाळा स्वस्त. आपल्याकडे हळद विकून पैसा हाती येतो तो उन्हाळ्यात, तेव्हा जून-जुलैचा दर बघून ठेवायला हरकत नाही. लागवडीचं काय, ते ज्यानं त्यानं बघावं.

फक्त ती इमारत आतून बघायची असेल, तर मुक्कामच कशाला हवा? ताजच्या सी लाउंजमध्ये आधी जागा राखून दुपारचा चहा घेता येतो. तोही स्वस्त नाही, पण खोलीच्या भाड्यापुढे काहीच नाही. खरं सांगायचं तर आई-आप्पांना पुढच्या वेळी मी चहाला नेईन आणि झोपायला दादरच्या साध्या, स्वच्छ हॉटेलात.

पैसे भरण्याआधी

'पैसे परत नाहीत' असा शिक्का असलेला दर थोडा स्वस्त असतो. शेतकरी घरानं तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिजवलेली हळद अंगणात वाळत पडलेली आणि अवकाळीचा इशारा आला, तर कोण जाणार मुंबईला? रद्द करता येणारा दर चार पैसे जास्त देऊन घ्या आणि शेवटची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका.

खोली देताना हॉटेल अनामत मागतं. क्रेडिट कार्ड असेल तर तेवढी रक्कम अडवून ठेवतात. डेबिट कार्डातून मात्र पैसे प्रत्यक्ष जातात आणि परत यायला दिवस लागतात. घरच्यांकडे कार्ड नसेल, तर रोख किंवा यूपीआयनं अनामत चालेल का, हे आधी विचारून घ्या. आधारची प्रत देताना शेवटचे चारच अंक दिसणारं 'मास्क्ड आधार' देता येतं, ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवता येतं.

हॉटेलचा फोन नंबर शोध निकालातल्या पहिल्या दुव्यावरून घेऊ नका. बनावट संकेतस्थळ करून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार होतात. नंबर हॉटेलच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. फसलात तर लगेच 1930 वर फोन करा.

गाडी घेऊन जाणार असाल आणि चावी दारावरच्या माणसाकडे दिली, तर पावती जपून ठेवा. 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' असं तिच्यावर छापलेलं असलं तरी हॉटेलच्या निष्काळजीपणामुळे गाडी चोरीला गेली तर हॉटेलला हात झटकता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2019 मध्ये ठरवलं आहे. ते प्रकरण दिल्लीतलं होतं. गाडी 1998 मध्ये गेली आणि अंतिम निकालाला एकवीस वर्षं लागली, हेही लक्षात ठेवा.

बिलात काही खटकलं तर तिथेच काउंटरवर सोडवा, कर बीजक घ्या. नाही सुटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्याही पुढे जायचं असेल, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक मोठी सोय केली आहे: तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. हॉटेल मुंबईचं असलं तरी हट्ट्याचा माणूस हिंगोलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. 'ई-जागृती' पोर्टलवरून ती ऑनलाइनही दाखल होते.

आईच्या चहाचं राहिलंच. खोलीत किटली होती, सोबत दुधाच्या पावडरीच्या पुड्या. आईनं त्याला चहा मानलं नाही. पहाटे पाचला तिनं स्वतःच खोलीतल्या फोनवरचं बटण दाबलं आणि मराठीत सांगितलं, "दूध घालून, आलं ठेचून, दोन कप." पलीकडचा मुलगा परभणीकडचा निघाला. वीस मिनिटांत चहा आला, आलं घालून. दुसऱ्या दिवशी एकादशी होती, तर नाश्त्याला त्यानंच स्वयंपाकघरात सांगून साबुदाण्याची खिचडी करून घेतली. ती मेनूत नव्हती आणि बिलातही नव्हती.

आता आमच्या काकू विचारतायत, त्यांच्या पंचविसाव्या वाढदिवसाला फलकनुमा जमेल का, आणि त्या दिवशी नेमका त्यांचा गुरुवार असतो. उद्या फोन लावून विचारणार आहे: खोली कुठल्या बाजूची, पलंग किती, करासह किती, काचेची भिंत आहे का, आणि उपवासाचं काय मिळेल.